डोकं दुखतं, झोप लागत नाही: छांगशाचे शंभर रुग्ण

१९८० साली चीनच्या हुनान प्रांतात, छांगशा शहरातल्या हुनान मेडिकल कॉलेजच्या मनोविकार बाह्यरुग्ण विभागात आर्थर क्लाइनमन हे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रुग्णांशी बोलत बसले. ते मानववंशशास्त्राचेही अभ्यासक. सोबत त्यांची पत्नी जोन, तिचा चिनी भाषेचा अभ्यास. सांस्कृतिक क्रांती संपून चारच वर्षं झाली होती. त्यांनी शंभर रुग्ण निवडले. सगळ्यांच्या केसपेपरवर निदान एकच होतं: शनचिंग श्वायरुओ.

या नावाचा सरळ मराठी अर्थ ‘नसांची कमजोरी’. एसटी स्टँडशेजारच्या भिंतींवर हे शब्द ज्या अर्थाने रंगवलेले असतात तो अर्थ इथे सोडून द्या. छांगशात हे एक सभ्य, सरकारमान्य निदान होतं. शिक्षक, कारकून, पक्षाचा कार्यकर्ता, कुणीही ते चारचौघांत सांगू शकत असे.

लोक सांगत काय होते? डोकं दुखतं. दहातले नऊ जण हेच म्हणाले. पाऊणशेहून अधिक लोकांना झोप नव्हती, जवळपास तितक्यांनाच चक्कर येत होती. बाकी अंगदुखी, विसरभोळेपणा, अशक्तपणा. ‘मन उदास आहे’ ही मुख्य तक्रार म्हणून सांगणारे दहा टक्केसुद्धा नव्हते.

मग क्लाइनमन यांनी अमेरिकी पद्धतीची मुलाखत घेतली, एकेक लक्षण नाव घेऊन विचारायची. रस वाटतो का? भूक? स्वतःला दोष देता का? मरावंसं वाटतं का? उत्तरं जुळवली, तर शंभरातले ८७ जण त्याच वर्षी आलेल्या डीएसएम-३ या अमेरिकी नियमावलीनुसार तीव्र नैराश्याच्या व्याख्येत बसले.

मनोविकारशास्त्राच्या वर्गात हे प्रकरण सांगितलं की इथे एक सुस्कारा ऐकू येतो. म्हणजे खरा आजार नैराश्य; चिनी लोक तो शरीरावर काढत होते, डोकेदुखीच्या पडद्याआड लपवत होते. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा असंच समजले होते. बरीच वर्षं तसंच समजत राहिले.

हा अर्थ पुरत नाही हे खुद्द क्लाइनमनच सांगत होते. १९७७मध्येच त्यांनी या चुकीला नाव दिलं होतं, ज्याला आपण ‘वर्गवारीची चूक’ म्हणू. एका समाजात घडवलेला साचा दुसऱ्या समाजात नेला, त्यात बसणारी माणसं सापडली, म्हणून तो साचा तिथलाही झाला असं मानायचं ही ती चूक. याची उलटी बाजू श्रीलंकेचे मानववंशशास्त्रज्ञ गणनाथ ओबेयेसेकेरे यांनी मोठ्या मिश्किलपणे मांडली. समजा, आपल्याकडचा एखादा डॉक्टर ‘धातू जाणे’ या आजाराची पक्की प्रश्नावली घेऊन अमेरिकेत गेला. वजन उतरलेले, थकलेले, स्वप्नदोष होणारे पुरुष त्याला तिथे हवे तेवढे मिळतील. म्हणून अमेरिकेत धातू जाण्याची साथ आहे असं आपण म्हणू का?

हे नाव आलं कुठून

गंमत म्हणजे ‘नसांची कमजोरी’ हे नाव अस्सल चिनी नाहीच. १८६९मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी ‘न्यूरास्थेनिया’ हा शब्द रूढ केला. त्यांचं म्हणणं असं की तारायंत्र, वाफेची इंजिनं आणि वर्तमानपत्रं यांच्या धबडग्यात अमेरिकन माणसाच्या मज्जातंतूंतली शक्ती संपते. एडिसनच्या यंत्रावर त्याला झेपतील त्याहून जास्त दिवे जोडावेत तसं. सुशिक्षित, डोक्याने काम करणाऱ्यांचा आजार म्हणून तो तिकडे जवळजवळ मिरवला गेला. तिथून युरोप, मग जपान, आणि जपानी भाषांतरातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीन. पुढे अमेरिका हे नाव विसरली आणि शतक संपेपर्यंत त्याच लक्षणांतली बरीचशी ‘डिप्रेशन’च्या खात्यावर जमा झाली. चीनमध्ये मात्र ते टिकलं, कारण चिनी वैद्यकातल्या प्राणशक्तीच्या आणि तिच्या वाटांच्या कल्पनेशी ते छान जुळलं.

टिकण्याचं दुसरं कारण राजकीय. माओच्या काळात मनाची निराशा हा आजार कमी आणि विचारातला दोष जास्त मानला जाई. क्रांती विजयी होत असताना तू उदास का? या प्रश्नाला सुरक्षित उत्तर नव्हतं. डोकं का दुखतं, याला होतं. शिवाय नोकरी, घर, रेशन, बदली, सगळं कामाच्या युनिटच्या, म्हणजे माणूस जिथे नोकरीला असे त्या संस्थेच्या, हातात. नवरा एका प्रांतात, बायको दुसऱ्या प्रांतात अशी वर्षानुवर्षं काढलेली जोडपी सर्रास होती. अशा वेळी डॉक्टरचा कागद ही अर्ज पुढे सरकवायची एक वाट होती.

या लोकांतली चाळिशीची एक शिक्षिका क्लाइनमन यांनी फार जवळून रंगवली आहे. स्टुलावर बसून जमिनीकडे बघत बोलणारी. तरुणपणी युवक संघटनेची सचिव, पुढे शिकायची स्वप्नं. मग सांस्कृतिक क्रांती, खेड्यात रवानगी आणि सगळ्याचा चुराडा. ती सांगते डोकेदुखीबद्दल, पण डोकेदुखी कशाने असं विचारल्यावर तिच्या तोंडून हा सगळा इतिहास येतो. तिला मनातलं कळत नव्हतं, सांगता येत नव्हतं, असं म्हणायला जागाच नाही. तिला सगळं माहीत होतं. बोलण्याची सुरुवात कुठून करायची, एवढं तिने ठरवलेलं होतं.

क्लाइनमन यांनी अनेकांना नैराश्यावरची औषधंही दिली. बहुतेकांची लक्षणं उतरली. आणि तरी कित्येक जण स्वतःला बरं झालेलं मानेनात, दवाखान्यांच्या फेऱ्या थांबेनात. ज्यांच्या कामाचा किंवा घराचा तिढा तसाच होता त्यांच्याबाबत हे विशेष. आजार म्हणजे लक्षणांची बेरीज असती, तर बेरीज कमी झाल्यावर माणूस बरा व्हायला हवा होता.

ठिपके आणि रेषा

छांगशाचं प्रकरण आज पुन्हा उघडावंसं वाटतं ते गेल्या पंधरा-वीस वर्षांत ॲमस्टरडॅमच्या डेनी बोर्सबूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या एका कल्पनेमुळे. जुनी समजूत अशी: आत कुठेतरी ‘नैराश्य’ नावाची एक वस्तू असते आणि लक्षणं ही तिची सावली. ताप, खोकला, कफ यांच्यामागे क्षयाचा जंतू असतो, तसं. बोर्सबूम म्हणतात, तसा जंतू इथे सापडलेला नाही. मग लक्षणं एकमेकांनाच ओढत असतील तर? झोप उडाली की थकवा, थकव्याने कामात लक्ष नाही, लक्ष नाही म्हणून चुका, चुकांमुळे स्वतःचा राग, आणि त्या रागात रात्री पुन्हा झोप नाही. हा फेरा चालू राहतो, आणि या फेऱ्यालाच आपण नैराश्य म्हणतो.

संख्याशास्त्रात हे तपासायची रीत अशी. समजा शेकडो लोकांच्या उत्तरांत झोप न लागणं आणि लक्ष न लागणं ही दोन्ही जोडीने वाढताना दिसली. तेवढ्यावरून दोघांमध्ये रेषा काढायची नाही. थकवा सारखाच असलेल्या लोकांपुरतं बघायचं. तिथे झोप आणि लक्ष यांचा संबंध विरून गेला, तर झोपेची रेषा थकव्याला जाते आणि थकव्याची लक्षाला. याला आंशिक सहसंबंध म्हणतात. प्रत्येक लक्षणाचा एक ठिपका मानून अशा रेषा काढत गेलं की कागदावर जाळं उभं राहतं: काही ठिपके गर्दीच्या चौकासारखे, काही गावाबाहेरच्या वस्तीसारखे.

एक आकडा सांगते, म्हणजे हे का लागतं ते कळेल. आइको फ्रीड आणि रँडॉल्फ नेसी यांनी २०१५मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या उपचारप्रकल्पातल्या ३,७०३ नैराश्यरुग्णांची लक्षणं मांडली. लक्षणांचे १,०३० वेगवेगळे संच निघाले. निदानाचं नाव एक, आणि त्याखालची माणसं अशी. हे एकाच देशात. मग छांगशाची डोकेदुखी आणि बोस्टनची अपराधी भावना यांना एकाच सावलीचे दोन आकार म्हणताना जरा थांबायला हवं.

आता शंभर रुग्णांकडे परत. जाळ्याच्या नजरेने बघितलं तर डोकेदुखी पडदा उरत नाही, ती स्वतःच एक ठिपका होते, आणि बहुधा चौकातला. तिच्यामुळे झोप जाते. तिच्यामुळे रजा मिळते, म्हणजे युनिटचा प्रमुख, नवरा, सासर यांच्याकडे जाणाऱ्या वाटा तिच्यातून निघतात. तिच्याकडे लक्ष दिलं जातं, डॉक्टर तिची नोंद करतो, म्हणून रुग्णही तिच्यावर पहारा ठेवतो, आणि पहारा ठेवलेलं दुखणं जास्त दुखतं. उलट अपराधी भावनेला त्या जाळ्यात फारशा रेषाच नाहीत. ती बोलून दाखवावी असा माणूस नाही, ती सांगून मिळण्यासारखं काही नाही. जाळ्याची रचना समाज ठरवतो म्हणतात ते हे असं. क्लाइनमन यांनी ही आकडेमोड केली नव्हती, तेव्हा ती रीतच नव्हती. वरचं वाचन माझं आहे. पण औषधाने लक्षणं उतरूनही लोक बरे का झाले नाहीत, याला यातून उत्तर मिळतं. ज्या ठिपक्यातून फेरा पुन्हा सुरू व्हायचा तो गोळीच्या आवाक्याबाहेर होता.

विचित्र कोण?

जवळपास तीन दशकांनी त्याच शहरात आणखी एक अभ्यास झाला. अँड्र्यू रायडर आणि सहकाऱ्यांनी छांगशातले १७५ आणि टोरांटोतले युरोपीय वंशाचे १०७ रुग्ण समोरासमोर ठेवले. निकाल २००८मध्ये छापून आले. माहिती तीन प्रकारे घेतली: रुग्ण आपणहून काय सांगतो, ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीत काय सांगतो, आणि कागदावर स्वतः काय भरतो.

चिनी रुग्णांनी आपणहून बोलताना आणि मुलाखतीत शरीराच्या तक्रारी जास्त सांगितल्या. हे अपेक्षितच. पण कागदावर तो फरक मावळला. कॅनेडियन रुग्ण मात्र तिन्ही प्रकारे मनाच्या तक्रारी जास्त सांगत राहिले, आणि हा फरक जास्त ठळक व जास्त टिकाऊ होता. म्हणजे ‘चिनी लोक शरीरावर का काढतात’ याइतकाच, किंबहुना त्याहून मोठा प्रश्न निघाला की ‘टोरांटोचे लोक सगळं मनावर का घेतात’. आणखी एक धागा असा: चिनी रुग्णांना भावना ओळखता येत नाहीत हे कारण टिकलं नाही. त्यांचं लक्ष आतल्यापेक्षा बाहेरच्या गोष्टींकडे, माणसांकडे, परिस्थितीकडे जास्त असतं, एवढंच दिसलं. त्या शिक्षिकेची आठवण होते.

जगभरचा हिशोबही याच बाजूचा आहे. १९९९मध्ये ग्रेगरी सायमन आणि सहकाऱ्यांनी १४ देशांतल्या १५ केंद्रांमधला अभ्यास मांडला. आपलं बंगळुरू त्यात होतं. साध्या दवाखान्यांत आलेल्या १,१४६ नैराश्यरुग्णांपैकी ६९ टक्के लोक फक्त शारीरिक तक्रार घेऊन आले होते. केंद्रागणिक हे प्रमाण ४५ ते ९५ टक्के असं हललं. पण नीट विचारल्यावरही मनाचं काहीच नाही म्हणणारे अवघे ११ टक्के. शारीरिक तक्रारी कुठे जास्त? जिथे रुग्णाचा ठरलेला, ओळखीचा डॉक्टर नव्हता तिथे. पूर्व-पश्चिम ही विभागणी त्यापुढे फिकी पडते. रांगेत दोन तास उभं राहून समोर अनोळखी डॉक्टर आला तर कोण मन उघडं करणार? डोकं दुखतं, गोळी द्या.

आता उलट बाजू. जाळ्यांच्या या आकडेमोडीवर मी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. एक, रुग्ण निवडतानाच ‘नऊपैकी पाच लक्षणं हवीत’ अशी अट घातली, की आतल्या रेषा बिघडतात. ज्या कॉलेजात गुणांवर किंवा खेळावर प्रवेश मिळतो तिथे हुशार पोरं खेळात कच्ची दिसतात. ती तशी असतातच असं नाही, चाळणीने तसं दिसतं. दोन, देशादेशांची जाळी शेजारी ठेवताना प्रश्नांचं भाषांतर, मुलाखतीची रीत, रुग्ण कुठून घेतले हे सगळं वेगळं असतं, आणि फरक संस्कृतीच्या नावावर जातो. तीन, आणि हे सगळ्यात मोठं: ज्या ठिपक्याबद्दल विचारलंच नाही तो जाळ्यात येणार कुठून? चीनमधल्या ५,९५२ हान, म्हणजे तिथल्या बहुसंख्य समाजातल्या, स्त्रियांवर, सगळ्या वारंवार तीव्र नैराश्य आलेल्या, केनेथ केंडलर, बोर्सबूम, फ्रीड वगैरेंनी २०१८मध्ये जाळं मांडलं. तिथे मुद्दाम डीएसएमच्या यादीबाहेरची लक्षणंही घेतली होती, हताशपणासारखी. यादीतली लक्षणं चौकात आणि यादीबाहेरची वेशीवर, असं काही निघालं नाही. दोन्ही मिसळून होती. यादी करणाऱ्यांनी जे निवडलं ते निसर्गानेही निवडलं होतं असं नाही.

चीनमध्ये ‘नसांची कमजोरी’ हे नाव आता मागे पडलं आहे. २००१च्या चिनी नियमावलीत ते शिल्लक होतं, पण तोवर शहरी दवाखान्यांत ‘यीयूचंग’, म्हणजे नैराश्य, हे निदान बसलं होतं. नव्या गोळ्याही त्याच नावाने आल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आजारयादीतून तर न्यूरास्थेनिया गेलाच.

जीव

चिनीत ‘मन’ असा एक शब्द आहे, आपल्या मनाशी त्याचा संबंध नाही. अर्थ घुसमट, कोंडमारा. लिहिताना दाराचं चिन्ह काढतात आणि त्याच्या आत हृदयाचं. तो छातीत होतो, की मनात? चिनी माणसाला हा प्रश्नच पडत नाही. आपल्यालाही पडू नये, कारण आपल्याकडे ‘जीव’ आहे. जीव घाबरा होतो, कासावीस होतो, रमत नाही, टांगणीला लागतो, थोडा थोडा होतो. यातलं शरीराचं कोणतं आणि मनाचं कोणतं हे वेगळं काढायला बसलं तर हाती काही लागत नाही. अन्न गोड लागत नाही, हातपाय गळाले, काळजाला घरं पडली, हे बोलणारी बाई मनाचं शरीरावर काढत नाही. ती मराठी बोलते आहे.

गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या जवळपास अडीच हजार स्त्रियांमध्ये ‘अंगावरून पांढरं जातं’ या तक्रारीचा अभ्यास केला. जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या त्रासाशी तिचा संबंध जास्त घट्ट निघाला. कारण काय वाटतं, विचारल्यावर कित्येक जणींनी ताणाचं आणि मनाच्या त्रासाचंच नाव घेतलं. उष्णता म्हणणाऱ्याही बऱ्याच. म्हणजे रेषा बायकांना दिसत होती. आपण मात्र अँटिबायोटिक लिहून देत होतो.

माझ्या वहीतली एक नोंद लिहून थांबते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बाई पस्तिशीची, कपाळाला रुमाल करकचून बांधलेला, त्याच्या कडेने चुन्याचा सुकलेला लेप. मी पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली घेऊन बसले होते: नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, दहा किंवा जास्त आले की काळजी. ‘गेल्या दोन आठवड्यांत आपण अपयशी आहोत असं वाटलं का?’

‘अपयशी? मी कुठं परीक्षेला बसले ताई?’

‘काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, की जवळजवळ रोज?’

‘दिवस मोजायला सवड कुणाला आहे?’

गुण आले आठ. कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, कशाच्या मागून काय होतं ते सांगा. ती बोटं मोडत सांगायला लागली. ‘दुपारी डोकं धरतं. ते रात्री झोपू देत नाही. मग सकाळी उठवत नाही. उशीर झाला की सासूबाई बोलतात. त्या बोलल्या की माझ्या डोळ्याला पाणी येतं, पण रडायचं नाही ना, पोरं बघतात. मग दुपारी डोकं धरतं.’

मी वहीत एकेक ठिपका काढत गेले आणि रेषा जोडल्या. गोल पूर्ण झाला. झोप आणि थकवा पीएचक्यू-९मध्ये होते. डोकं नव्हतं, गिळलेलं रडू नव्हतं, सासूबाई नव्हत्या.